परत घ्याल का, आणि केवढ्याला?

सोनं घेताना आपण सराफाला एक प्रश्न हमखास विचारतो, जो कापडाच्या किंवा भांड्यांच्या दुकानात कधी विचारत नाही. "उद्या मोडायला आणलं तर घट किती धराल?" सराफालाही त्यात काही वावगं वाटत नाही. मजुरी जाईल, एवढी एवढी घट लागेल असं तो सांगतो, आपण मान डोलावतो आणि पुढची घासाघीस सुरू होते. पाटल्या करायला आलेली माणसं पाटल्या मोडायची चौकशी करतात ह्यात अभद्र काही नाही. व्यवहार आहे.

पण हीच माणसं जालना रोडवरच्या एखाद्या हॉटेलात टाइमशेअरच्या 'प्रेझेंटेशन'ला जातात, समोसे खाता खाता दोन-तीन लाखांचा पंचवीस वर्षांचा करार करून येतात, आणि हा कागद परत द्यायचा झाला तर कंपनी घेईल का, घेतला तर केवढ्याला, हे विचारत नाहीत. माझं म्हणणं असं की हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा. कारण कंपनी तो कागद परत घेते की नाही, ह्यावरून त्याची खरी किंमत जितकी कळते तितकी त्या चकचकीत पुस्तिकेवरून कळत नाही. जरा पाल्हाळ लावून सांगतो (सवय आहे, नेहमीच्यांना ठाऊक आहे).

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एखाद्या रिसॉर्टातली खोली एकाला न विकता तिचे वर्षातले आठवडे वेगवेगळ्या लोकांना विकायचे, म्हणजे टाइमशेअर. १९६० च्या दशकात युरोपात ही कल्पना निघाली, पुढे अमेरिकेत फोफावली. आपल्याकडे स्टर्लिंग १९८६ पासून ह्या धंद्यात, महिंद्र हॉलिडेज १९९६ पासून. ऐंशी-नव्वदच्या दशकात नव्व्याण्णव वर्षांचे करारसुद्धा विकले गेले. (नव्व्याण्णव वर्षं! आपल्या नातवंडांना उटीचा कंटाळा येईल हे कुणाच्या डोक्यात आलं नसावं.) पंचवीस वर्षांचे करार नंतर रुळले, आणि सुरुवातीला घेतलेल्यांची पंचवीस वर्षं आता संपलीही. एकदा पैसे भरायचे, मग दरवर्षी सात दिवस हक्काचे. शिवाय दरवर्षी देखभालीचं शुल्क, तुम्ही जा किंवा जाऊ नका. त्यावर अठरा टक्के जीएसटी.

आता परत घेण्याचं. जगात सगळ्यात पद्धतशीरपणे हे कोण करत असेल तर डिस्ने. होय, मिकी माउसवाली. डिस्ने व्हेकेशन क्लब १९९१ साली सुरू झाला. तिथे आठवड्यांऐवजी पॉइंट विकतात. दरवर्षी खात्यात इतके पॉइंट जमा, ते खर्च करून राहायचं. प्रत्येक रिसॉर्टच्या कराराला शेवटची तारीख असते. पहिल्या रिसॉर्टचे मूळ करार ३१ जानेवारी २०४२ ला संपतात. माझा एक चुलतभाऊ फ्लोरिडात असतो, त्याने मुलं मोठी झाल्यावर आपले पॉइंट विकायला काढले. गिऱ्हाईक मिळालं, भाव ठरला, आणि मग तो ठरलेला सौदा कंपनीकडे गेला. करारातच तसं लिहिलेलं असतं: मालकाने बाहेरच्याला विकायचं ठरवलं की आधी कंपनीला दाखवायचं, आणि कंपनीला वाटलं तर त्याच भावात, त्याच अटींवर ती स्वतः घेणार. तीस दिवसांत काय ते सांगायचं. कंपनीने घेतलं. भावाला ठरलेले डॉलर मिळाले. हिरमोड झाला तो महिनाभर वाट बघून बसलेल्या गिऱ्हाइकाचा.

कंपनी कुठला सौदा उचलते आणि कुठला सोडते ह्याचा नियम ती सांगत नाही. पण अशा शेकडो सौद्यांची टिपणं ठेवणारे हौशी लोक तिकडे आहेत (आपल्याकडे शेअरबाजाराची ठेवतात तशी), आणि त्यावरून अंदाज बांधता येतो. मुळात हिशेब किराणा दुकानाचाच आहे. कंपनी स्वतः एक पॉइंट दोनशे डॉलरच्या वर विकते. समजा बाहेर कोणी तोच शंभराला विकतोय. कंपनीने शंभराला उचलला, विक्रीचा खर्च, कमिशन, जाहिरात धरली, आणि पुन्हा पूर्ण भावात विकला, तरी चांगले पैसे सुटतात. सौदा एकशे साठचा असेल तर कष्ट कशाला करा, जाऊ द्या. म्हणून स्वस्तातले सौदे जास्त उचलले जातात. त्यात पुन्हा त्या विशिष्ट रिसॉर्टसाठी दारात रांग आहे का, कराराची किती वर्षं उरली आहेत, ह्या वर्षीचे पॉइंट वापरून झालेत की शिल्लक आहेत, हे सगळं येतं. त्यामुळे एकाच भावातले दोन सौदे, एक सुटतो आणि एक उचलला जातो, आणि लोक डोकं खाजवत बसतात.

ह्यातली खरी गंमत मात्र पुढे आहे. कंपनी स्वस्त सौदे उचलते हे एकदा माहीत झालं की गिऱ्हाईक फार खाली मागत नाही. पडेल भावाला मागितलं तर कंपनी हिसकावून नेईल, त्यापेक्षा दहा डॉलर वाढवून देऊ, असं त्यालाच वाटतं. म्हणजे कंपनी प्रत्यक्षात थोडेच करार विकत घेत असली तरी सगळ्याच करारांचा भाव तिने खालून धरून ठेवलेला असतो. विकणाऱ्याचं त्यात भलं होतं. कंपनी ते त्याच्या भल्यासाठी करत नाही हा भाग वेगळा. बाहेर पन्नासला मिळायला लागलं तर तिच्या दोनशेच्या मालाला कोण विचारणार? आणि हा हक्क आहे, बंधन नाही. उद्या कंपनीला नको वाटलं तर ती हात झटकून मोकळी.

दुसऱ्या हाताने ती काय करते तेही बघण्यासारखं आहे. जानेवारी २०१९ पासून नियम असा, की बाहेरून विकत घेतलेले पॉइंट जुन्या चौदा रिसॉर्टांतच चालतील, त्यानंतर उघडलेल्या नव्यांमध्ये नाही. कंपनीकडून थेट घेतलेत तर सगळीकडे चालतील. थोडक्यात, जुन्या बाजारातला माल एकीकडून उचलायचा आणि दुसरीकडून त्याला जरा डाग पाडून ठेवायचा.

हे वाचताना मला सारखी आठवण येत होती ती आपल्याकडच्या शुफ्याची. जुन्या मंडळींना शब्द माहीत असेल. निजामाच्या मुलखात जमीन-वाड्यांच्या भांडणांत तो हमखास यायचा. हक्क-ए-शुफा, म्हणजे भागीदाराने किंवा शेजाऱ्याने आपलं घर परक्याला विकायला काढलं तर त्याच किमतीत आधी मला द्या असं म्हणण्याचा अधिकार. शेजाऱ्याचा हा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली भाऊराम खटल्यात घटनाबाह्य ठरवला. त्यातलं एक अपील वऱ्हाडाच्या महसूल कायद्यावरचं होतं. भागीदाराचा अधिकार मात्र टिकला. आणि हिंदूंनाही १९५६ च्या वारसा कायद्याच्या बाविसाव्या कलमाने साधारण तसाच अधिकार दिलेला आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले आणि एका भावाला आपला वाटा विकायचा असला, तर बाकीच्या वारसांना तो घ्यायचा अग्रहक्क. (ह्या वाक्यावर आपल्या घरात दोघंतिघं खाकरले असतील. असो.)

पण ह्या दोन्हींतला हेतू बघा. भावाला वाटा परक्याच्या हाती जाऊ द्यायचा नसतो, कारण त्याला तिथेच राहायचं असतं, एकच आड, एकच दरवाजा. कंपनीला परक्याचं वावडं नाही. तिला कमी भावाचं वावडं आहे. शब्द तेच, धनी वेगळा.

आता आपल्याकडे या. इथले टाइमशेअरवाले करार परत विकत का घेत नाहीत? माझ्या मते उत्तर वरच्या हिशेबातच आहे. इथे जुन्या मेंबरशिपचा बाजारच धड उभा राहिला नाही. ज्याला बाजार नाही तो भाव पाडत नाही, आणि जो भाव पाडत नाही त्याला आवरायला पैसे का खर्चायचे? त्यात वार्षिक शुल्क भरणारा आणि फिरायला न जाणारा मेंबर हा तर कंपनीच्या दृष्टीने रत्नच. तो खोली अडवत नाही आणि पैसे देतो. आणि ज्याने शुल्क भरणं सोडलं, त्याची मेंबरशिप थकबाकीपोटी आधी गोठवायची आणि मग रद्द करायची सोय अशा करारांत बहुधा असतेच. म्हणजे खोली कंपनीकडे आपोआप परत येते. फुकट मिळणारी वस्तू विकत कोण घेईल!

आमच्या मामांचंच बघा. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्यांचं अजून चालू आहे. २००९ साली घेतलेली पंचवीस वर्षांची मेंबरशिप. पहिली सात-आठ वर्षं हौसेने गेले, फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत, काही तर दोनदा. मग मामींचे गुडघे गेले. आता त्यांची मजल म्हैसमाळपर्यंत, आणि म्हैसमाळला जायला टाइमशेअर लागत नाही. शुल्क जीएसटी धरून चोवीस हजारांच्या घरात गेलंय. मामांनी विचारलं, उरलेली वर्षं परत घ्या आणि द्यायचे ते द्या. उत्तर आलं की परतीची तरतूद नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येईल, त्याचं हस्तांतर शुल्क भरा, त्याआधी थकबाकी भरा. म्हणजे ज्या वस्तूचे मामांनी पैसे मोजले ती देऊन टाकायलाही पैसे मोजा. नाव लावून घ्यायला तयार माणूस मिळाला असता तर प्रश्न नव्हता, पण प्रत्येकजण पहिला प्रश्न विचारतो तो वार्षिक शुल्काचा, आणि दुसरा प्रश्न विचारतच नाही.

मग फोन सुरू झाले. "सर, तुमच्या मेंबरशिपला आमच्याकडे साडेतीन लाखांचं गिऱ्हाईक तयार आहे, फक्त अठरा हजार एनओसीचे भरा." मामा चाळीस वर्षं हिशेब खात्यात होते. म्हणाले, तुमचे अठरा हजार त्या साडेतीन लाखांतून कापून घ्या आणि उरलेले पाठवा. फोन कट. ही जात सगळीकडे आहे. अमेरिकेच्या अर्थखात्याने २०२३ साली मेक्सिकोतल्या एका अमली पदार्थांच्या टोळीशी संबंधित माणसांवर आणि कंपन्यांवर निर्बंध घातले, ते ह्याच धंद्यासाठी: टाइमशेअर विकून देतो म्हणून म्हाताऱ्या मालकांकडून आगाऊ पैसे उकळणं. जिथे मूळ कंपनी परत घ्यायला तयार नसते तिथे हे लोक उगवतात.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग जी कंपनी आधीच लिहून देते की मुदतीनंतर आम्ही परत घेऊ, ती चांगली. थांबा. महाराष्ट्रात हे होऊन गेलंय आणि त्याची जखम अजून ओली आहे. मुंबईची पॅनकार्ड क्लब्ज. ती 'रूम नाइट' विकायची, म्हणजे हॉटेलात राहण्याच्या रात्री. पैसे आज भरा, काही वर्षांत कधीही राहा, आणि नाहीच राहिलात तर मुदतीअखेर त्या रात्री आम्हाला परत द्या आणि ठरलेली 'सरेंडर व्हॅल्यू' घ्या. ती भरलेल्या रकमेपेक्षा जास्त. गावोगाव एजंट, त्यात ओळखीपाळखीचे, नात्यातले. सेबीने २०१४ मध्ये पहिला आदेश काढला आणि २९ फेब्रुवारी २०१६ ला अंतिम: ही सुट्टीची योजना नसून विनापरवाना चालवलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे, पैसे परत करा. आकडा ७,०३५ कोटी रुपये, गुंतवणूकदार साडेएक्कावन्न लाख. अपील न्यायाधिकरणाने २०१७ साली कंपनीचं म्हणणं फेटाळलं, मालमत्तांचे लिलाव काढले गेले, २०२२ मध्ये प्रकरण दिवाळखोरी कायद्याखाली गेलं. रॉयल ट्विंकल स्टार क्लब ह्या मुंबईच्याच दुसऱ्या कंपनीविरुद्ध २०१५ साली असाच आदेश झाला होता. तिथेही सुट्टीची योजना आणि परत घेण्याचं आश्वासन.

कागद-पेन्सिल घेऊन बसा. ७,०३५ कोटी भागिले साडेएक्कावन्न लाख, म्हणजे माणशी सरासरी साडेतेरा हजारांच्या जरा वर. ही धनिकांची गुंतवणूक नव्हती. ही भिशीतून आणि पेन्शनमधून काढलेली रक्कम. दुसरा भागाकार: ह्यातल्या प्रत्येकाने वर्षात फक्त एक रात्र राहायचं म्हटलं असतं, तरी वर्षभर रोज चौदा हजारांवर खोल्या लागल्या असत्या. कोणी राहायला जाणारच नाही हे गृहीत धरल्याशिवाय अशी विक्री होऊ शकत नाही.

डिस्ने शंभराला उचलून दोनशेला विकते, म्हणून तिला उचलणं परवडतं. तिथे पुढचा माणूस खरोखर राहायला येतो. इथे न वापरलेली, उलटून गेलेली रात्र चढ्या भावाने परत घेऊन तिचं करणार काय? शिळी पोळी निदान कुस्करता येते. गेल्या वर्षीची रात्र कोणालाच विकता येत नाही. मग परत घ्यायला पैसे येणार ते नव्या माणसाने भरलेलेच.

आणि तो शब्द बघा. सरेंडर व्हॅल्यू. आपल्या घराघरात हा शब्द एलआयसीमुळे आला. पॉलिसी मध्येच सोडली तर काय हाती येईल ह्याची तरतूद १९३८ च्या विमा कायद्यातच आहे. २०२४ साली विमा नियामकाने तिचे नियम पुन्हा विमेदाराच्या बाजूने सुधारले. पिढ्यान् पिढ्या लोकांनी त्या शब्दावर विश्वास ठेवला. पॅनकार्डने तो शब्द उचलला त्याबरोबर तो विश्वासही आयता मिळाला, असं मला वाटतं. एलआयसीची मध्येच सोडलेली पॉलिसी सुरुवातीच्या वर्षांत भरल्यापेक्षा कमी देते, सराफ घट धरतो. परतीच्या रस्त्यावर काहीतरी कापलं जाणारच. हॉटेलातल्या रात्रीला मात्र परतीच्या वाटेवर पैसे सुटत होते, हे खटकायला हवं होतं, आणि ते आपल्याआधी सरकारला खटकायला हवं होतं. २०१४ फार उशीर होता.

माझी मागणी मोठी नाही. विमा कंपनीला जे कायद्याने करावं लागतं तेच सुट्टीच्या कंपनीलाही करायला लावा. पंचवीस वर्षांचा करार विकताय ना, मग त्यात कोष्टक छापा. पाचव्या वर्षी परत दिला तर इतके, दहाव्या वर्षी इतके, विसाव्या वर्षी शून्य असेल तर शून्य लिहा. पण ज्या दिवशी माणूस परत देईल त्या दिवशी वार्षिक शुल्काचं जोखड उतरेल असं लिहा. युरोपात निदान करार केल्यापासून चौदा दिवसांत कारण न देता माघार घेता येते, तसा कायदाच आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' आला खरा, पण ती तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. आपल्या संभाजीनगरात राज्य आयोगाचं परिक्रमा खंडपीठ आहे, म्हणजे मुंबई गाठायला नको, पण चोवीस हजारांच्या शुल्कासाठी सत्तरीतला माणूस वकील लावील का?

कंपन्या म्हणतील, परतीचे दर छापले तर नवीन विक्री बसेल. बसू द्या. ज्या मालाची घट सांगितल्यावर गिऱ्हाईक उठून जातं, तो माल त्या भावाचा नव्हता.

मामांच्या शुल्काची मुदत ह्या महिनाअखेर आहे. मामी म्हणतात भरू नका, होऊ दे रद्द. मामा म्हणतात, इतकी वर्षं भरले, आता २०३४ पर्यंतच तर आहे. कोणाला डिसेंबरात मुन्नारला जायचं असेल तर फोन करा, ते सात दिवस आनंदाने तुमच्या नावावर लावून देतील. जेवणाचा खर्च तुमचा.